शिवण आणि पाठ : मराठी ग्रंथवर्णनातील एक उपेक्षित प्रमाण

१

जुन्या हस्तलिखिताचे वर्णन करताना मराठी संशोधक सामान्यतः पत्रसंख्या, पत्राची लांबी-रुंदी, पृष्ठावरील ओळी, ओळीतील अक्षरे, लेखनकाल, लेखनिकाचे नाव आणि समाप्तिलेख एवढ्या गोष्टी नोंदवतो. हे वर्णन उपयुक्त आहे व त्यामागे मोठी परंपरा आहे. तथापि एक गोष्ट त्यात बहुधा आढळत नाही, ती म्हणजे पाने एकमेकांस कशी जोडली आहेत ही. ती सुटी आहेत की शिवलेली, शिवलेली असल्यास घडीच्या पोटातून की कडेने, एका घडीत किती पाने आहेत, दोरा मूळचा आहे की मागाहून घातलेला, या प्रश्नांसाठी सूचीत रकाना नसतो. ‘बांधीव’ एवढा एक शब्द लिहिला की सूचीकाराचे काम संपले असे समजले जाते.

या उणिवेची मीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : हाताने शिवलेल्या ग्रंथातील दोरा पाने नुसती सांभाळीत नाही, पानांच्या क्रमाची साक्षही देतो. म्हणून शिवण हे पाठचिकित्सेच्या प्रमाणांपैकी एक प्रमाण होय. ज्या भाषेचे वाङ्मय फार मोठ्या प्रमाणावर वह्यांत आणि बाडांत टिकून राहिले, त्या भाषेच्या अभ्यासकांस तरी त्याची उपेक्षा परवडणारी नाही.

२

प्रथम भाषेचीच साक्ष पाहणे उचित ठरेल. ग्रंथवाचक मराठी शब्दांचे व्युत्पत्तीच्या दृष्टीने दोन ठळक गट पडतात. पहिला गट दोऱ्याचा आहे. ‘ग्रंथ’ हा गुंफणे, बांधणे या अर्थाच्या धातूपासून झाला आणि गाठीचा वाचक ‘ग्रंथि’ त्याचाच सोदर होय. ‘सूत्र’ म्हणजे मूळचा दोराच. ‘निबंध’ व ‘प्रबंध’ यांतील बांधणे तर उघड आहे. ‘ओवी’ हे छंदाचे नावही ‘ओवणे’ या क्रियापदाशी जोडण्याची परंपरा सर्वपरिचित आहे. दुसरा गट कातड्याचा. ‘पुस्तक’ हा शब्द इराणी भाषांतील ‘पोस्त’ म्हणजे कातडे या शब्दाशी जोडला जातो. ‘दफ्तर’ फारसीतून आला, पण त्याचे मूळ ग्रीक ‘दिफ्थेरा’ म्हणजे कमावलेले चामडे येथे आहे. अरबी ‘जिल्द’ म्हणजेही कातडीच. ताडपत्रांच्या छिद्रांतून दोरी ओवणाऱ्या परंपरेचा एक शब्दसमूह आणि चर्मपत्रावर लिहून चामड्याने ग्रंथ मढवणाऱ्या परंपरेचा दुसरा, अशा दोहोंचा वारसा मराठीकडे आला आहे.

नित्याच्या शब्दांतही हे नाते दिसते. ‘टाचण’ म्हणजे लिहून ठेवलेली त्रोटक नोंद, आणि ‘टाचणे’ म्हणजे सैल टाके घालून जोडणे. शिंपी जी ‘टीप’ घालतो तिचे आणि ग्रंथाच्या तळाशी येणाऱ्या टीपेचे ध्वनिरूप एक आहे. दोहोंचे मूळ एकच असे मानण्यास मात्र पुरेसे कारण नाही. ‘पुठ्ठा’ हा ‘पृष्ठ’ या संस्कृत शब्दाचा तद्भव असून त्याचा जनावराच्या मागील भागासही उपयोग होतो. म्हणजे ग्रंथाच्या पानास आपण तत्सम ‘पृष्ठ’ म्हणतो व त्याच्या जाड आवरणास त्याच शब्दाचे झिजलेले रूप वापरतो. बांधणीच्या व्यवसायातील ‘जुजबंदी’ या शब्दात अरबी ‘जुज’ म्हणजे भाग किंवा अंश आहे. दुमडलेल्या पानांचा एक संच म्हणजे ग्रंथाचा एक जुज, आणि असे संच शिवून एकत्र करणे ही जुजबंदी. अल्प या अर्थी मराठीत रूढ झालेला ‘जुजबी’ याच कुळातला आहे.

इतकी समृद्ध सामग्री असता आधुनिक व्यवहारात मात्र सर्व क्रियांस मिळून ‘बांधणी’ किंवा ‘बाइंडिंग’ एवढा एकच शब्द उरला आहे. व्यवसायाचे नावही इंग्रजीतून आले. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या नाटकाचा नायक हा ‘बाइंडर’ आहे, आणि त्या काळच्या छापखान्यात त्यास दुसरे नाव क्वचितच मिळाले असते. शब्द परका आहे ही तक्रार नव्हे. पाने दुमडणे, टाचणे, शिवणे, पाठीला सरस देणे, पुठ्ठा चढवणे या भिन्न क्रिया आहेत, आणि एका शब्दाखाली त्या झाकल्या गेल्या की त्यांतील भेद पाहण्याची सवयही नाहीशी होते, हा खरा मुद्दा आहे. सूचीतील ‘बांधीव’ हा शब्द याच विस्मृतीचे फळ आहे.

३

शिवण कोणती साक्ष देते हे समजण्यासाठी तिची रचना ध्यानात घेतली पाहिजे. छापील ताव तीन वेळा दुमडला की आठ पाने, म्हणजे सोळा पृष्ठे, तयार होतात. मुद्रक यास फर्मा म्हणतात. फर्म्याच्या घडीवर टोच्याने भोके पाडली जातात. सुई एका भोकातून आत शिरते, घडीच्या पोटातून पुढे सरकते, पुढील भोकातून बाहेर येते, पाठीवर आडव्या लावलेल्या दोरीस किंवा फितीस वळसा घालून पुन्हा आत जाते. टोकाशी आली म्हणजे दोरा आधीच्या फर्म्याच्या टाक्यात अडकवून गाठ मारली जाते. अशा रीतीने प्रत्येक फर्मा आपल्या पोटात एका दोऱ्याने आणि शेजाऱ्याशी गाठीने बांधला जातो. सर्व फर्मे शिवून झाल्यावर पाठीला सरस व कापड लावतात, पाठ गोलावतात, अस्तराचे कागद चिकटवतात आणि मग पुठ्ठा चढवतात. पुठ्ठा हे या ग्रंथाचे कवच असले तरी त्याची खरी बळकटी आतल्या दोऱ्यात असते.

दोरीचा वा फितीचा आधार न घेता टाक्यात टाका साखळीप्रमाणे गुंफीत जाण्याची रीत याहून जुनी आहे. ईजिप्तमधील कॉप्ट ख्रिस्ती लोकांत ती प्रचलित होती आणि इस्लामी जगातील ग्रंथांतही तिचीच परंपरा दिसते. आठव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात तयार झालेले संत कथबर्टच्या नावाने प्रसिद्ध असलेले छोटे शुभवर्तमान अद्याप आपल्या मूळ शिवणीत आहे. ब्रिटिश लायब्ररीने २०१२ साली ते ९० लाख पौंडांस विकत घेतले.

तिसरी रीत कडेच्या शिवणीची. तीत पानांची थप्पी घेऊन कडेपासून थोड्या अंतरावर दाभणाने आरपार भोके पाडतात व दोरा ओवतात. अशी शिवण भक्कम असते, पण ग्रंथ पुरता उघडत नाही आणि आतला समास शिवणीत जातो.

संशोधकाच्या दृष्टीने या रीतींत मूलभूत भेद आहे. पहिल्या दोन रीतींत प्रत्येक पानास एक जोडीदार असतो, कारण दोन्ही पाने मिळून दुमडलेला कागद एकच असतो. घडीच्या मध्यभागी दोरा दिसतो. चार कागदांच्या घडीत दोऱ्यापूर्वी चार पाने व दोऱ्यानंतर तीनच आढळली, तर उत्तरार्धातील एक पान गेले हे निश्चित होते. जोडीदार नसलेले पान कोणते हे पाहिले की गेलेल्या पानाची जागाही कळते. एखादे पद अपुरे वाटले तर दोष कवीचा, लेखनिकाचा की हरवलेल्या पानाचा, याचा निर्णय येथे तर्काने करावा लागत नाही. घडी स्वतःच तो सांगते. कडेच्या शिवणीस घडी लागत नाही. कोणतीही सुटी पाने कोणत्याही क्रमाने तीत बसू शकतात. म्हणून ती पानांच्या एकत्र असण्याची साक्ष देते, क्रमाची देत नाही.

हा भेद विधिशास्त्रासही अपरिचित नाही. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ याच्या कलम ३४ अन्वये नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या पुस्तकांतील नोंदी ग्राह्य होत्या. आता त्याची जागा १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे. ‘पुस्तक’ कशास म्हणावे हा प्रश्न जुन्या कलमाखाली नागपूरच्या न्यायालयापुढे आला होता. मुकुंदराम विरुद्ध दयाराम या १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात, पाने एकत्र जोडून एक अखंड वस्तू झाली असेल तरच ते पुस्तक, सुट्या कागदांचा गठ्ठा पुस्तक नव्हे, अशी भूमिका घेतली गेली. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने व्ही. सी. शुक्ला प्रकरणात हाच निकष स्वीकारला आणि तारेने गुंफलेल्या वह्या पुस्तकात मोडतात, फायलींतील सुटी पाने मोडत नाहीत, असे ठरवले. नुसत्या नोंदीवरून कोणावर दायित्व येत नाही असेही त्याच निर्णयात सांगितले आहे. तात्पर्य, पाने जोडलेली असणे म्हणजे मजकूर खरा असणे नव्हे, पण जोडलेले आणि सुटे यांचे प्रामाण्य सारखे नाही हे न्यायालयाने ओळखले. वाङ्मयाच्या संशोधकाने ते ओळखू नये हे आश्चर्य आहे.

४

सुटे आणि शिवलेले यांतील हा फरक प्रत्यक्षात काय घडवतो हे पाहण्यास रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा मंडणगड तालुका सोयीचा आहे. या तालुक्यातील वेळास, बाणकोट व आंबडवे या तीन गावांची नावे तीन भिन्न प्रकारच्या लेखनाशी निगडित आहेत.

वेळास हे नाना फडणविसांच्या भानू घराण्याचे मूळ गाव. सावित्रीच्या खाडीपलीकडील श्रीवर्धन हे पेशव्यांच्या भट घराण्याचे. खाडीच्या दोन तीरांवरून देशावर गेलेल्या या दोन घराण्यांनी अठराव्या शतकातील मराठी लेखनव्यवहारास वळण दिले. नानांचे खाजगी कागद वाईजवळ मेणवलीस राहिले आणि द. ब. पारसनिसांमुळे अभ्यासकांपुढे आले. हा संग्रह तसेच पुण्याचे पेशवे दफ्तर ही दोन्ही रुमालांत बांधलेल्या सुट्या कागदांची दफ्तरे आहेत. राजकीय पत्रव्यवहारास शिवण अडचणीचीच ठरली असती, कारण कागद काढावा, दाखवावा, नक्कल करून परत ठेवावा लागे. महजरासारख्या लांब कागदांत, जेथे एकास एक बंद चिकटवीत, तेथे क्रमाची हमी जोडांवर उमटवलेले शिक्के देत. सुट्या पत्रास तशी हमी नव्हती.

आणि येथेच संशोधकाची अडचण सुरू होते. मराठी पत्रात पुष्कळदा चंद्र व महिना असतो, वर्ष नसते. अशा पत्राचा काळ मजकुरावरून ठरवावा लागतो, किंवा त्याच्या शेजारी कोणते कागद होते त्यावरून. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादून मराठ्यांच्या इतिहासाचा पाया घातला. त्या कार्याचे मोल कमी लेखण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु विषयवार निवड छापली की मूळ रुमालात एका कागदाशेजारी दुसरा कोणता होता हे वाचकास दिसेनासे होते. सुट्या संग्रहात शेजार हाच काय तो दोरा असतो, आणि तो अदृश्य असल्यामुळे सर्वांत आधी तुटतो.

बाणकोटची कथा निराळी. १७५६ साली बाणकोट इंग्रजांकडे गेले आणि मराठी मुलखाच्या किनाऱ्यावर त्यांचा अंमल येथे फार लवकर बसला. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीने कोकणातील आपले काम येथूनच आरंभले व शाळा उघडल्या. अशा शाळांबरोबर छापील, घडी घालून टाचलेले पुस्तक कोकणातील मुलांच्या हाती येऊ लागले. घरी पोथी सुटी होती. तिचे एक एक पत्र उचलून वाचावे, पालथे ठेवावे, आणि वाचन संपल्यावर पाट्यांमध्ये धरून बासनात गुंडाळावे अशी रीत होती. पत्रांचा क्रम समासातील पत्रांकावर अवलंबून असे. शाळेतील पुस्तकात क्रमाचे काम दोऱ्याकडे गेले. मुद्रणकला आली म्हणून पोथी लगेच नाहीशी झाली असे मात्र नव्हे. एकोणिसाव्या शतकात धार्मिक ग्रंथ आडव्या, सुट्या पत्रांच्या आकारात छापले जातच होते. यावरून एवढे दिसते की शिवण ही छपाईची अपरिहार्य सोबतीण नव्हती. ग्रंथ कसा वापरायचा यावर तो शिवायचा की नाही हे ठरे.

तिसरे गाव आंबडवे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. १९५६ साली त्यांच्या निधनानंतर मागे राहिलेल्या अप्रकाशित लेखनाचा मोठा भाग सुट्या टंकलिखित पानांच्या स्वरूपात होता. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखनाचे व भाषणांचे खंड प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यांपैकी १९८७ साली निघालेल्या तिसऱ्या व चौथ्या खंडांत संपादकांस अशा पानांतून प्रकरणे लावावी लागली. लेखकाने केलेले ग्रंथाचे आराखडे हाती होते, पण आराखडा आणि मिळालेली पाने यांचा मेळ सर्वत्र बसत नव्हता. येथे संपादकांनी एक अनुकरणीय गोष्ट केली. अनेक प्रकरणांच्या आरंभी किती टंकलिखित पाने मिळाली, त्यांवर लेखकाच्या हातच्या दुरुस्त्या आहेत काय, प्रकरण पूर्ण आहे की अपुरे, याच्या नोंदी त्यांनी दिल्या. लेखकाने सिद्ध केलेला ग्रंथ आणि संपादकांनी जुळवलेला ग्रंथ यांतील सीमारेषा त्यामुळे वाचकास दिसते. चौथ्या खंडावरून १९८७-८८ मध्ये जो तीव्र वाद झाला त्यात या सीमारेषेकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, परंतु तो दोष वादकांचा, संपादकांचा नव्हे.

ही तीन उदाहरणे शेजारी ठेवली असता एक निष्कर्ष निघतो. सुट्या कागदाचा क्रम कोणीतरी लावलेला असतो, आणि म्हणून तो कोणी, कशाच्या आधारे लावला हे सांगावे लागते. शिवलेल्या ग्रंथाचा क्रम शिवणारानेच लावलेला असतो, आणि म्हणून शिवण कोणाची व केव्हाची हे सांगावे लागते. आंबेडकरांच्या लेखनाच्या संपादकांनी पहिले कर्तव्य पार पाडले. दुसरे कर्तव्य बाडांच्या संपादकांनी पार पाडले आहे काय, असा प्रश्न आता उपस्थित होतो.

५

मराठी ग्रंथवर्णनाचा साचा प्रामुख्याने संस्कृत पोथ्यांच्या वर्णनावरून आला. १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या वर्णनात्मक सूची या पद्धतीचा आदर्श मानल्या गेल्या. सुट्या पत्रांच्या पोथीस तो साचा सर्वथैव योग्य होता, कारण पोथीस शिवणच नसते. दोष तेथे नाही. तोच साचा बाडांस आणि वह्यांस जसाच्या तसा लावला गेला, तेथे दोष आहे. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शं. श्री. देवांच्या परिश्रमाने जमलेली रामदासी परंपरेची सामग्री ‘बाड’ याच नावाने ओळखली जाते. बाड म्हणजे अनेक पदे, आरत्या, अभंग, प्रकरणे वेळोवेळी उतरवून घेतलेला संग्रह. त्यात एकाच हाताचे वीस वर्षांचे लेखन असू शकते, तीन पिढ्यांचे असू शकते, आणि मुळात निरनिराळ्या असलेल्या वह्या मागाहून एकत्र शिवलेल्याही असू शकतात.

भाषाभ्यासकाचा प्रश्न नेमका येथे आहे. बाडाच्या शेवटी शक लिहिलेला असतो व तो सर्व बाडाचा लेखनकाल म्हणून नोंदवला जातो. त्या आधारावर विभक्तिप्रत्यय, क्रियापदांची रूपे व शब्दांचे लेखन यांचा कालक्रम बांधला जातो. परंतु तो शक ज्या घडीत आहे तिच्यापुरताच खरा असण्याचा संभव असतो. हात आणि शाई घडीच्या मध्येच बदलत असतील तर वही एकच असून लेखन पुढे चालू राहिले असे समजता येते. बदल बरोबर घडीच्या सीमेवर होत असेल तर दोन स्वतंत्र वह्या एकत्र आल्याची शंका घ्यावी लागते. ही परीक्षा केल्याशिवाय एखाद्या रूपास सतराव्या शतकातील म्हणणे हे अनुमान आहे, प्रमाण नव्हे.

तुकारामांच्या गाथेचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १८६९ ते १८७३ या काळात विष्णु परशुराम पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी सरकारी अनुदानाने गाथेची आवृत्ती सिद्ध केली. पुढे वि. ल. भावे यांनी १९१९ च्या सुमारास संताजी जगनाडे यांच्या परंपरेतील वह्यांवरून वेगळा गाथा प्रसिद्ध केला. दोहोंतील पाठभेदांची चर्चा पुष्कळ झाली आहे. अभंग हा स्वयंपूर्ण असतो. आख्यानकाव्यात कथेचा ओघ क्रम सांगतो, तसा येथे सांगत नाही. म्हणून कोणता अभंग कोणत्या अभंगानंतर आला, कोणते एकत्र उतरवले गेले, हे सांगणारी वहीखेरीज दुसरी गोष्ट नाही. असे असता शब्दाशब्दाचे पाठभेद टिपणाऱ्या चर्चेत वह्यांच्या घड्या, त्यांची पाने, दोरे व जोड यांस मिळालेले स्थान नगण्य आहे. वह्या इंद्रायणीत बुडवल्या व त्या तरल्या या आख्यायिकेतही लोकस्मृतीने वाचवल्या त्या ‘वह्या’. अभंग आणि वही यांचे नाते लोकांनी अभ्यासकांपेक्षा घट्ट धरून ठेवले असे म्हणावे लागते.

पाश्चात्त्य विद्येत हे प्रमाण फार पूर्वी मान्य झाले. केंब्रिजचे ग्रंथपाल हेन्री ब्रॅडशॉ यांनी एकोणिसाव्या शतकात चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’च्या हस्तलिखितांतील घड्या मोजून त्या काव्याच्या विस्कळित भागांच्या क्रमाचा विचार केला. ग्रंथाच्या घड्यांचे सूत्ररूप वर्णन हा पुढे तेथील ग्रंथविद्येचा प्रारंभिक पाठ झाला. मराठीत पाठचिकित्सेने शब्द आणि प्रतींचा वंशवृक्ष यांवर लक्ष केंद्रित केले, आणि ते महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसारख्या कार्यास अनुरूपच होते. बाडांच्या अभ्यासास तेवढे पुरत नाही.

एक आक्षेप येथे घेतला जाईल. जुनी बाडे आज ज्या शिवणीत आहेत ती शिवण मूळची नसून कोणा वारसाने, ग्रंथपालाने वा बाइंडराने घातलेली असते, मग तिचे प्रामाण्य कसले? आक्षेप अंशतः खरा आहे. कसर लागलेल्या ग्रंथाची दुरुस्ती करताना पाठ कापून, पाने सुटी करून कडेने शिवण्याची रीत ग्रंथालयांत रूढ होती, आणि भारतीय मानक संस्थेने १९६५ साली ग्रंथालयीन पुस्तकांच्या भक्कम बांधणीसाठी मानक ठरवले तेव्हा टिकाऊपणा हीच मुख्य चिंता होती. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष आक्षेपकाच्या विरुद्ध आहे. नवी शिवण झाली तरी जुन्या टाक्यांची भोके घडीवर राहतात. नव्या व जुन्या भोकांचा मेळ बसत नसेल तर तीच गोष्ट इतिहास सांगते. मागाहूनची शिवण असेल तर तसे नोंदवावे. न नोंदवल्याने मात्र मूळ आणि मागाहूनचे यांतील भेदच बुजतो.

६

या चर्चेतून सूचीकारांपुढे ठेवण्याजोगी मागणी फार मोठी नाही. विद्यमान वर्णनात पाच बाबींची भर पडली तरी पुरे : पाने सुटी आहेत की शिवलेली, आणि शिवण घडीतून आहे की कडेने, घड्या किती व प्रत्येकीत पाने किती, कोणत्या घडीत दोऱ्याच्या दोन बाजूंची पाने विषम आहेत, हात, शाई वा कागद कोठे बदलतो, घडीच्या सीमेवर की मध्ये, आणि दोरा एकच आहे की जुन्या भोकांवरून दुसऱ्या शिवणीचा माग लागतो. या पाचही गोष्टी ग्रंथ न उसवता, हलक्या हाताने उघडून पाहता येतात. बारीक अक्षरे वाचण्यास जेवढी दृष्टी लागते तेवढीच येथे लागते. त्यांसाठी शब्दही नवे घडवावे लागणार नाहीत. घडी, टाका, टीप, जोड, अस्तर, पाठ, पुठ्ठा, उसवण हे शब्द भाषेत आहेतच.

हे काम आता लांबवण्यासारखे नाही. २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घोषित झालेल्या ‘ज्ञान भारतम्’ या योजनेत एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद व जतन करण्याचे उद्दिष्ट आहे. छायाप्रतींमुळे पाठ दूरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचेल, हा लाभ निर्विवाद आहे. पण छायाप्रतीत प्रत्येक पान एकटे असते. घडीतला जोडीदार, पोटातला दोरा, कापलेल्या पानाची उरलेली कड आणि जुन्या टाक्याचे भोक तीत सहसा उमटत नाहीत. त्यातच पान सपाट यावे म्हणून एखादे बाड उसवले गेले तर ही साक्ष कायमची जाईल, आणि पुढील अभ्यासकाच्या हाती मेणवलीच्या कागदांप्रमाणे सुटी पाने येतील, मात्र त्यांवर तिथीही नसेल. म्हणून छायाप्रत घेण्यापूर्वी शिवणीची नोंद घेणे हा त्या कामाचाच एक भाग मानला पाहिजे.